इंडिकेटर चालू असताना डीआरएल मंद किंवा बंद कसा करायचा

डीआरएल म्हणजे दिवसा गाडीच्या पुढे आपोआप लागणारा पांढरा दिवा. त्याला खेटून इंडिकेटर असला की भर उन्हात एक गंमत होते. इंडिकेटर लागतो, पण समोरच्याला तो दिसतच नाही. कारण आकड्यांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी ८७ क्रमांकाच्या नियमानुसार डीआरएलची तीव्रता ४०० ते १२०० कॅन्डेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) असते. पुढच्या साध्या इंडिकेटरला ६ क्रमांकाच्या नियमात किमान १७५ कॅन्डेला चालतात. म्हणजे पांढरा दिवा पिवळ्याच्या जवळजवळ सातपट प्रखर असू शकतो. इंडिकेटर हेडलॅम्पपासून ४० मिलिमीटरच्या आत असेल तर ही किमान मर्यादा २५० वर आणि २० मिलिमीटरच्या आत असेल तर ४०० वर जाते, ती याच कारणासाठी.

म्हणून बऱ्याच गाड्यांत ज्या बाजूचा इंडिकेटर लावला त्या बाजूचा डीआरएल तेवढ्यापुरता विझतो किंवा मंदावतो. तुमच्या गाडीत तसं होत नसेल, किंवा होतं ते मनासारखं नसेल, तर ते बदलता येतं. कधी निव्वळ कोडिंगने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून, कधी दोन रिले (विजेने चालणारे स्विच) टाकून, कधी बल्ब बदलून.

आधी ठरवा: नेमकं काय हवं?

पर्याय तीन आहेत. डीआरएल पूर्ण बंद करणे, डीआरएल मंद करणे, आणि डीआरएल-इंडिकेटर आळीपाळीने लावणे, म्हणजे पिवळा विझला की पांढरा, पांढरा विझला की पिवळा.

तिसरा पर्याय डोक्यातून काढून टाका. दिसायला झकास वाटतो, पण इंडिकेटरच्या विझलेल्या अर्ध्या चक्रात पांढरा दिवा पूर्ण जोराने लागतो आणि समोरच्याचे डोळे प्रत्येक वेळी दिपतात. उघडझाप कळावी म्हणून लागणारा अंधारच नाहीसा होतो. गाडी पोलिसांच्या गाडीसारखी दिसते ते वेगळंच. ४८ क्रमांकाच्या नियमातही यावर स्पष्ट शब्द आहेत: डीआरएल आणि इंडिकेटर यांच्यात ४० मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर त्या बाजूचा डीआरएल बंद किंवा मंद करता येतो, पण इंडिकेटर चालू आहे तोवर, पेटलेल्या आणि विझलेल्या दोन्ही टप्प्यांत. दोन्ही एकाच दिव्यातून निघत असतील, म्हणजे तीच पट्टी पांढरी आणि पिवळी होत असेल, तर डीआरएल बंद करणं ऐच्छिक राहत नाही. अमेरिकेच्या १०८ क्रमांकाच्या मानकात अंतराची मर्यादा १०० मिलिमीटर आहे. त्याहून जवळ असलेल्या डीआरएलला इंडिकेटर लागताच बंद व्हावं लागतं, नाहीतर इंडिकेटर नेहमीच्या किमान तीव्रतेच्या अडीचपट प्रखर ठेवणे यांसारखी दुसरी सोय लागते.

व्यवहारात निवड सोपी आहे. पट्टी तीच असेल किंवा एकाच काचेमागे दोन्ही असतील तर पूर्ण बंद. डीआरएल वेगळा पण जवळ असेल तर २० ते ३० टक्क्यांपर्यंत मंद केला तरी पुरतो, आणि गाडीचा चेहरा एका डोळ्याने मिटल्यासारखा दिसत नाही. डीआरएल खाली बंपरमध्ये आणि इंडिकेटर वर हेडलॅम्पमध्ये असेल तर मुळात काही करायची गरज नाही. हौसेपोटी चालू वायरिंगला हात लावू नये.

रात्रीचा मुद्दा लक्षात ठेवा. पुष्कळ गाड्यांत तोच डीआरएल रात्री मंद होऊन पार्किंग लाइटचं काम करतो. पार्किंग लाइटवरून समोरच्याला गाडीची रुंदी कळते. त्यामुळे रात्री तो विझू नये, निदान मिणमिणता राहावा, अशी मांडणी शक्य असेल तर तीच करा.

गाडीत दिवा चालतो कसा, ते तपासा

एक मल्टिमीटर पुरतो. टेस्ट लॅम्प वापरू नका. त्याचा फिलामेंट बल्ब बराच करंट ओढतो, आणि आजकालच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमला, तो वाढीव लोड म्हणून दिसतो.

हेडलॅम्पच्या मागचा कनेक्टर न काढता मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजा. इंजिन चालू, हेडलाइट बंद. डीआरएलच्या वायरवर बॅटरीइतके म्हणजे १३.५ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर सरळ पुरवठा आहे. ६, ८ किंवा ९ असा मधलाच आकडा दिसला तर बीसीएम पीडब्ल्यूएम पाठवतोय, म्हणजे पुरवठा सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद होतोय आणि मीटर त्याची सरासरी दाखवतोय. मीटरवर हर्ट्झ किंवा ड्यूटीची (चालू वेळेच्या टक्केवारीची) सोय असेल तर लगेच खात्री होते.

तिसरा प्रकार असा: कनेक्टरमध्ये डीआरएलची वेगळी वायर सापडतच नाही. जाड प्लस, जाड अर्थ आणि एक-दोन बारीक डेटा वायर, एवढंच. इथे हेडलॅम्पच्या आतलं मॉड्यूल लिन किंवा कॅन बसवरून, म्हणजे त्या डेटा वायरींवरून, हुकूम घेतं आणि एलईडी स्वतः चालवतं. अशा दिव्यात बाहेरून रिले टाकायला जागाच नाही. कोडिंगने जमलं तर जमलं. हेडलॅम्प फोडून आतल्या बोर्डावर काम करायचा सल्ला देणारे भेटतील. सील तुटलं की पहिल्याच पावसात आत वाफ धरते आणि ड्रायव्हर मॉड्यूल जातं, हे ते सांगत नाहीत.

कोडिंगचा रस्ता

जमत असेल तर हाच सर्वांत स्वच्छ मार्ग. एकही वायर कापावी लागत नाही, आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचनाही येत नाही, कारण हे सगळं बीसीएम स्वतःच करतो.

फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी, सिआट यांच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरच्या गाड्यांत ही सोय फार तपशिलात उघडी आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. लागतं ते व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं अवजार, आणि बॅटरीला जोडलेला चार्जर. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून बीसीएममध्ये बराच वेळ जातो. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली उतरली आणि लिहिता लिहिता संपर्क तुटला तर अर्धवट कोडिंग शिल्लक राहतं.

पहिलं काम बॅकअप. पूर्ण ऑटोस्कॅन सेव्ह करा. मग ०९ क्रमांकाच्या मॉड्यूलचा, म्हणजे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सचा, सगळ्या अॅडॅप्टेशन चॅनलांचा, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगांचा, नकाशा फाइलमध्ये उतरवा. व्हीसीडीएसमध्ये हे काम अॅप्लिकेशन्समधल्या कंट्रोलर चॅनल्स मॅपने होतं. वेळ लागतो, लागू द्या. याखेरीज जे चॅनल बदलणार त्यांच्या मूळ किमतींचा फोनवर फोटो काढून ठेवा. अडचणीच्या वेळी तोच सर्वांत आधी हाताशी येतो.

आता ०९ मध्ये सिक्युरिटी अॅक्सेसला ३१३४७ द्या आणि अॅडॅप्टेशन उघडा. नावं जर्मनमध्ये दिसतील. प्रत्येक दिव्याला लॉइश्टे असं नाव आणि क्रमांक असतो. डीआरएलची खूण टीएफएल. बहुतेक गाड्यांत डावा डीआरएल लॉइश्टे ४ आणि उजवा लॉइश्टे ५ वर असतो, पण हेडलॅम्पचा प्रकार बदलला की क्रमांकही बदलू शकतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका. नावात टीएफएल आहे का, आणि त्या दिव्याच्या फंक्शनांमध्ये टागफारलिश्ट, म्हणजे दिवसाचा दिवा, लिहिलेलं आहे का, ते बघा.

प्रत्येक दिव्याला ए पासून एच पर्यंत आठ फंक्शनं देता येतात. त्यांच्या जोड्या असतात: एबी, सीडी, ईएफ, जीएच. प्रत्येक जोडीला एक डिमवर्ट, म्हणजे प्रकाशाची टक्केवारी. सीडीपासून पुढच्या जोड्यांना डिमिंग डायरेक्शनही असतं, ते मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ. सगळी गोम याच शेवटच्या दोन शब्दांत आहे. मॅक्सिमाइझ म्हणजे एकाच वेळी लागू असलेल्या टक्क्यांपैकी मोठा निवडा. मिनिमाइझ म्हणजे लहान निवडा.

डाव्या डीआरएलसाठी रिकामी जोडी शोधा, जिच्या दोन्ही फंक्शनांत निश्ट आक्टिव, म्हणजे वापरात नाही, असं लिहिलंय ती. बहुधा जीएच मोकळी असते. तिथे असं भरा:

लिश्टफुंक्त्सिओन जी: ब्लिंकेन लिंक्स आक्टिव, बायडे फाझेन (डावा इंडिकेटर चालू, दोन्ही टप्पे).
लिश्टफुंक्त्सिओन एच: आहे तसंच, निश्ट आक्टिव.
डिमवर्ट जीएच: पूर्ण बंद हवा तर ०, मंद हवा तर २० ते ३०.
डिमिंग डायरेक्शन जीएच: मिनिमाइझ.

उजव्या डीआरएललाही तेच, फक्त लिंक्सच्या जागी रेश्ट्स, म्हणजे उजवा. प्रत्येक किंमत लिहिली की थांबा, स्वीकारल्याचा संदेश आल्यावरच पुढची घ्या.

इथे चुका ठरलेल्या आहेत. डिमवर्ट ० दिलं पण डायरेक्शन मॅक्सिमाइझच राहिलं, तर काहीच फरक पडत नाही, कारण ० आणि १०० मध्ये मोठा १०० च असतो. बायडे फाझेनच्या ऐवजी हेलफाझे निवडलं, तर इंडिकेटर पेटलेला असतानाच डीआरएल विझतो आणि मधल्या अंधारात पुन्हा लागतो: हाच तो आळीपाळीचा तमाशा. डुंकेलफाझे निवडलं तर उलटं होतं, इंडिकेटर आणि डीआरएल एकत्र पेटतात आणि एकत्र विझतात. समोरच्याला पिवळ्याऐवजी पांढऱ्याची उघडझाप दिसते.

मिनिमाइझचा एक फायदा रात्री कळतो. पार्किंग लाइट म्हणून दिवा १० टक्क्यांवर असेल आणि तुम्ही २० दिलं असेल, तर लहान आकडा १० च निवडला जातो आणि दिवा आहे तसाच राहतो. म्हणजे २० दिलं की दिवसा मंदावतो, रात्री काहीच बदलत नाही. ० दिलं तर मात्र रात्रीही त्या बाजूचा पार्किंग लाइट विझतो. दोन्ही दिवे वेगळ्या काचांमागे असतील तर ० पेक्षा २० बरं, ते यासाठीच.

याच यादीत लास्टटाइप नावाचा चॅनल दिसेल. त्याला हात लावू नका. समोर २१ वॉटचा बल्ब आहे की एलईडी मॉड्यूल, हे बीसीएमला त्यावरून कळतं आणि पुरवठा त्यानुसार ठरतो. उत्सुकतेपोटी बदललेल्या एका आकड्याने चांगला एलईडी ड्रायव्हर जळू शकतो.

२०२० च्या सुमारास आलेल्या नव्या पिढीच्या गाड्यांत एसएफडी नावाचं कुलूप आहे. त्यात आधी ऑनलाइन परवानगी घेऊन मॉड्यूल उघडावं लागतं. जुना सिक्युरिटी कोड तिथे चालत नाही.

इतर कंपन्यांत रीत तीच, अवजारं वेगळी. फोर्डसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर, आणि त्यातही बीसीएमचं मूळ कॉन्फिगरेशन एबीटी फाइलमध्ये सेव्ह केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मात्र सगळ्याच गाड्यांच्या बीसीएममध्ये इंडिकेटरला डीआरएलशी जोडणारा पर्याय नसतो. मेनूत तो नसेल तर अंदाजाने बाइट बदलत बसू नका, वायरिंगकडे वळा.

रिलेचा रस्ता

वेगळी डीआरएल वायर असलेल्या गाड्यांसाठी, आणि बाहेरून बसवलेल्या डीआरएल किटसाठी. कल्पना साधी: डीआरएलचा प्लस रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड (एनसी, एरवी जुळलेल्या) संपर्कातून न्यायचा, आणि इंडिकेटर लागला की रिलेने तो तोडायचा.

पण इंडिकेटरची वायर थेट कॉइलला, म्हणजे रिले ओढणाऱ्या गुंडाळीला, जोडली की रिले इंडिकेटरच्या तालावर टकटक करतो आणि डीआरएल आळीपाळीने लागतो. शेवटच्या उघडझापेनंतर निदान सेकंदभर रिलेने धरून राहिलं पाहिजे. त्यासाठी एक डायोड आणि एक कपॅसिटर लागतो.

एका बाजूसाठी सामान असं. पाच पिनांचा छोटा १२ व्होल्ट पीसीबी रिले, संपर्क १० अँपिअर, कॉइल ४०० ओहमच्या आसपास. एक १एन४००७ डायोड. एक २२०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ३५ व्होल्टचा आणि १०५ अंश तापमानाचा. एक ३३ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर. ३ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसह. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, हीट-श्रिंक नळी आणि पाणी न शिरणारा छोटा डबा. दोन बाजूंसाठी सगळं दुप्पट.

जोडणी:

इंडिकेटरच्या प्लस वायरवरून फाटा काढून डायोडच्या साध्या टोकाला. डायोडचं पट्टीचं टोक कॉइलच्या एका पिनेला. कॉइलची दुसरी पिन बॉडी अर्थला. पट्टीच्या टोकापासूनच ३३ ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे कपॅसिटरचा प्लस, कपॅसिटरचा मायनस अर्थला. डीआरएलची मूळ वायर कापून गाडीकडचं टोक फ्यूजमधून रिलेच्या कॉमनला, आणि दिव्याकडचं टोक एनसीला.

डायोड नसेल तर कपॅसिटरमधला चार्ज उलट इंडिकेटरच्या बल्बमध्ये रिकामा होतो आणि धरून ठेवण्याचं काम होत नाही. रेझिस्टर नसेल तर रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखा वागतो. बीसीएमला शॉर्ट दिसला की तो आउटपुटच बंद करतो, आणि काही गाड्यांत इग्निशन बंद करून पुन्हा लावेपर्यंत इंडिकेटर लागत नाही. ३३ ओहमने तो धक्का ०.४ अँपिअरवर येतो, आणि कपॅसिटर तरीही पहिल्याच उघडझापेत जवळपास पूर्ण भरतो.

रिले ४०० ओहमचाच का? कपॅसिटर कॉइलमधूनच रिकामा होतो. कॉइलचा रोध जितका जास्त तितका वेळ जास्त. वर दिलेल्या सामानात रिले शेवटच्या उघडझापेनंतर साधारण एक ते दोन सेकंद धरून राहतो. आता त्याच जागी ८५ ओहम कॉइलचा नेहमीचा मोठा ऑटोमोटिव्ह रिले लावा, ३०-८५-८६-८७-८७ए वाला. तो पाव सेकंदातच सुटतो. मिनिटाला ९० उघडझापी असल्या तर मधला अंधार सुमारे ०.३३ सेकंदाचा. म्हणजे प्रत्येक अंधारात रिले सुटणार आणि डीआरएल क्षणभर चमकणार. हा प्रकार दिसला की पुष्कळजण रिले खराब म्हणून बदलतात. रिले ठीक असतो, कपॅसिटर कमी पडत असतो. मोठाच रिले वापरायचा असेल तर कपॅसिटर चौपट-पाचपट, १०,००० मायक्रोफॅरडच्या घरात न्यावा लागतो. तो मग एका उघडझापेत भरत नाही, आणि पुन्हा नवी कटकट. लहान रिले घ्या.

दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र रिले वापरा. एकाच रिलेने दोन्ही डीआरएल बंद करायचे म्हणून डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या वायरी एकत्र बांधल्या, तर डावा लावला की करंट उजव्यात शिरतो आणि चारही दिवे लुकलुकू लागतात. एकाच रिलेचा हट्ट असेल तर प्रत्येक वायरला स्वतःचा डायोड हवा. पण तेव्हाही वळताना दोन्ही बाजूंचे डीआरएल विझतात, आणि ते करण्यात काही अर्थ नाही.

रिलेने मंद करता येईल का? एनओ, म्हणजे रिले ओढला की जुळणाऱ्या, संपर्कातून रेझिस्टर टाकून डीआरएलला कमी पुरवठा द्यायची कल्पना सुचते, पण बहुतेक एलईडी डीआरएलमध्ये स्थिर करंटचा ड्रायव्हर असतो. व्होल्टेज कमी झालं की तो तेवढाच करंट मिळवायचा प्रयत्न करतो. दिवा मंद होत नाही, आणि रेझिस्टर आणखी वाढवला की एकदम फडफडायला लागतो. साध्या पट्टीत, जिथे एलईडी आणि रेझिस्टर एवढंच असतं, तिथे हे चालतं. बाकी ठिकाणी रिले म्हणजे चालू किंवा बंद.

आता बल्ब गेल्याची तक्रार. रिलेने डीआरएल तोडला की बीसीएमला ती वायर उघडी दिसते आणि डॅशवर दिवा गेल्याचा इशारा येतो. उपाय एनओ संपर्कावर आहे. तिथे खोटा लोड जोडा, म्हणजे डीआरएल सुटला तरी करंट चालू राहतो. डीआरएल १२ वॉटचा असेल तर १५ ओहम, २५ वॉटचा अॅल्युमिनियम वेष्टनातला रेझिस्टर, एक टोक एनओला, दुसरं अर्थला. १३.५ व्होल्टला तोही साधारण १२ वॉट ओढतो. नुसता वळताना तापत नाही, पण गाडी बंद पडून हॅझर्ड अर्धा तास चालू राहिला तर चांगलाच तापतो. म्हणून तो धातूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवा, प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला टेकू देऊ नका.

काही बीसीएम दिवे बंद असतानाही बल्ब शाबूत आहे का ते पाहायला इंडिकेटरच्या वायरवर फार छोटे स्पंद पाठवतात. डायोड-कपॅसिटर ते साठवतात. बहुधा रिले ओढला जाण्याइतके ते नसतात. पण इंडिकेटर न लावताच रिले टिक करत असेल तर कारण हेच. कपॅसिटरला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की तो साठा आपोआप गळून जातो, मात्र धरून ठेवायचा वेळ साधारण पाव हिश्श्याने घटतो.

जोड करताना वायर चिमटणारे निळे-लाल क्लिप कनेक्टर वापरू नका. बोनेटखालच्या ओलाव्यात त्यांच्या आतलं तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी दोष येतो तोही अधूनमधून, जो शोधायला सगळ्यात वाईट. क्रिम्प करा किंवा सोल्डर करून गोंदवाली हीट-श्रिंक चढवा. डबा रेडिएटरपासून लांब, वायरींची तोंडं खाली ठेवून बसवा.

स्विचबॅक बल्ब आणि पट्ट्या

दोन फिलामेंटच्या बल्बच्या जागी बसणारा, पांढरा-पिवळा असा दोन्ही रंगांचा एलईडी बल्ब म्हणजे स्विचबॅक. पार्किंगच्या किंवा डीआरएलच्या वायरवर पांढरा, इंडिकेटरच्या वायरवर पिवळा. पिवळा लुकलुकत असताना पांढरा बंद ठेवायचं काम बल्बच्या आतलं सर्किटच करतं.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. बेस जुळतो का: ११५७, ७४४३ आणि ३१५७ हे नेहमीचे. त्यात ३१५७ आणि ३१५७-सीके दिसायला सारखेच, पण अर्थच्या संपर्कांची जागा वेगळी. चुकीचा घातला तर पार्किंगची वायर सरळ अर्थला जाते आणि फ्यूज उडतो. बल्ब घालण्याआधी होल्डरच्या चार संपर्कांतले अर्थ कोणते ते मीटरने मोजा. दुसरं, पिवळा थांबल्यावर पांढरा किती वेळाने परत येतो. एक सेकंदाच्या आसपास ठीक. पाच-पाच सेकंद पांढरा गायब राहणारेही बल्ब आहेत. तिसरं, पिवळ्याची प्रखरता. पुष्कळ स्विचबॅकमध्ये पांढरा झगझगीत आणि पिवळा मरतुकडा असतो, म्हणजे ज्यासाठी हे सगळं करायचं तेच हरवतं. दुपारच्या उन्हात ३० मीटरवरून बघून ठरवा.

रंगांबद्दल एवढंच: पुढचा इंडिकेटर पिवळाच असावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत डीआरएल पांढरा, अमेरिकेत पांढरा ते पिवळा यांतला चालतो. निळा-जांभळा कुठेच नाही.

एलईडी बल्ब घातल्यावर इंडिकेटर दुप्पट वेगाने मारायला लागला तर तो बिघाड नव्हे. २१ वॉटच्या जागी पाच-सात वॉटच जातात, म्हणून गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. कोडिंगमध्ये एलईडीची सोय असेल तर तीच वापरा. जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. शेवटचा उपाय म्हणून ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर बल्बला समांतर जोडा. तो २५ वॉटांहून जास्त उष्णता काढतो आणि हात भाजेल इतका तापतो, त्यामुळे वर सांगितलेला पत्र्याचा नियम इथे दुप्पट लागू.

पळता इंडिकेटर असलेल्या पट्ट्या घ्यायच्या असतील तर दोन अटी तपासा: प्रकाश आतून बाहेर सरकला पाहिजे, आणि पूर्ण पट्टी २०० मिलिसेकंदांच्या आत भरून उरलेला वेळ पेटलेली राहिली पाहिजे. सावकाश सरकत जाऊन लगेच विझणाऱ्या पट्ट्या या अटींत बसत नाहीत. स्वस्त पट्ट्यांच्या जोडीत डावी-उजवी वेगळी नसेल तर एका बाजूचा प्रकाश बाहेरून आत पळतो.

डीआरएल किटचा कंट्रोलर इंजिन चालू आहे का हे बॅटरीच्या व्होल्टेजवरून ओळखत असेल, तर नव्या गाड्यांत तो दगा देतो. स्मार्ट अल्टरनेटर चार्जिंग मुद्दाम उतरवतो, व्होल्टेज १३ च्या खाली येतं आणि गाडी चालू असताना डीआरएल विझतात. मग लोक रिलेला दोष देतात. अशा कंट्रोलरला इग्निशनची वायर द्या.

तपासणीचा क्रम

बंपर लावण्याआधी करा, नंतर नाही. इंजिन चालू, हेडलाइट बंद: डावा इंडिकेटर निदान मिनिटभर. त्या बाजूचा डीआरएल पूर्ण वेळ शांत राहिला पाहिजे, मध्ये एकदाही लुकलुक नको. मग उजवा. मग लेन बदलताना दांडी हलकी ढकलून मिळणाऱ्या तीन उघडझापी: तिसऱ्यानंतर सेकंद-दोन सेकंदांत डीआरएल परत आला पाहिजे. मग हॅझर्ड: दोन्ही डीआरएल विझतील किंवा मंदावतील, ते बरोबर आहे. दहा मिनिटं हॅझर्ड चालू ठेवून रेझिस्टर आणि डबा हाताजवळ नेऊन बघा, लगेच पकडू नका.

पुढे पार्किंग लाइट आणि हेडलाइट लावून पुन्हा दोन्ही इंडिकेटर. या वेळी त्या बाजूचा पार्किंग लाइट ठरवल्याप्रमाणे राहतो का ते पाहा. हेडलाइट लावल्यावर डीआरएलचा पूर्ण जोर उतरलाच पाहिजे. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तो उतरत नसेल तर रात्री समोरच्यांना त्रास होतो, आणि त्याचं कारण कंट्रोलरची पार्किंगची वायर न जोडणं हे असतं. इंडिकेटर चालू ठेवूनच इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं आणि कच्चा जोड असेल तर तो इथेच उघडा पडतो. शेवटी गाडी लॉक-अनलॉक करा. त्या एका-दोन उघडझापींनंतर इग्निशन बंद असताना डीआरएल चमकला, तर त्याचा पुरवठा चुकून कायम प्लसवरून घेतला गेला आहे. फ्यूज काढा आणि कॉमनकडे येणारी वायर पुन्हा शोधा.